घरटी एक

८ सप्टेंबर १९५९, मंगळवार

साखळी! शाळेच्या फाटकाला साखळी घातलीय — ट्रॅक्टर चिखलात रुतला की ओढून काढायला वापरतात तसली जाड. कुलूप नवंकोरं, पितळी.

थोरला रॉयस्टर कालपर्यंत म्हणत होता, नुसत्या बाता आहेत गं, शाळा कुणी बंद करतं का? बघ म्हणावं आता. तिघंही इस्त्रीचे कपडे घालून चार मैल चालत गेलो. धाकट्या क्लीओचा तर पहिलाच दिवस. सहा वर्षांची झाली. आईनं पिठाच्या पोत्याच्या फुलाफुलांच्या कापडाचा फ्रॉक शिवला होता तिला, वाटेत चारदा खाली वाकून तिनं तो झटकला.

कोर्टानं सांगितलं की काळी-गोरी मुलं एकाच शाळेत बसवा. आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, उत्तर — मग शाळाच नको! पैसाच मंजूर केला नाही. सगळ्या सरकारी शाळा बंद. गोऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी वर्गणी काढून खाजगी शाळा उभी केलीय, चर्चच्या खोल्यांत आणि क्लबच्या हॉलमध्ये बाकं मांडून. आमच्यासाठी साखळी.

क्लीओ विचारते, "आपण आत का नाही जात?"

रॉयस्टरनं कुलपावर दगड भिरकावला. लागला नाही. त्याचा नेम कधीच धड नव्हता.

१३ सप्टेंबर

पास्टर गिलियम प्रवचनात म्हणाले, नाताळपर्यंत सगळं सुरळीत होईल. आमेन, आमेन — सगळं चर्च हललं. बाबा येताना म्हणाले, "नाताळ काय, आलाच की." बाबा लाकडाच्या मिलमध्ये ओंडके उचलतात आणि उरलेल्या वेळात आमच्या तीस एकरांत राबतात. त्यांना तीन महिने म्हणजे तंबाखूचं एक पीक तोडून धुरीला टांगण्याएवढेच वाटतात.

मला पंधरा वर्षं पूर्ण झाली. यंदा दहावीत असते.

२१ सप्टेंबर

पेग्रमबाई निरोप घ्यायला आल्या होत्या. सगळ्याच शिक्षकांची नोकरी गेली. त्या बाल्टिमोरला चालल्या. ओट्यावर बसल्या, आईनं दिलेलं ताक प्यायल्या, आणि जाताना माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "डीली, हे डोकं वाया घालवू नकोस हं."

जसं काही माझ्याच हातात आहे! त्यांची गाडी वळेपर्यंत हात हलवला आणि मग कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन रडले.

१४ ऑक्टोबर

आमची आई चोर आहे!

ती गोऱ्या डिलर्डबाईंकडे स्वयंपाक करते. त्यांचा टकर माझ्याच वयाचा. संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करतो — मोठ्यानं वाचतो, नाहीतर त्याच्या डोक्यात शिरत नाही म्हणे. आणि आई इस्त्री करता करता ऐकते. आज घरी आली, हॅटसुद्धा काढली नाही, म्हणाली, "डीली, लिही लवकर, विसरायच्या आत. त्रिकोणाचे तीन कोपरे मिळून एकशे ऐंशी."

"एकशे ऐंशी काय?"

"ते पोरानं नाही सांगितलं. पौंड असतील."

"अंश, आई!"

"असतील बाई अंश. मला काय, मी कॉलरी इस्त्री करत होते."

बाबा इतके हसले की ठसका लागला.

२९ ऑक्टोबर

आज इतिहास. इंग्लंडच्या कुणा राजाचं मुंडकं उडवलं. नाव आई विसरली. "पण टकरला त्याचं फार वाईट वाटलं एवढं खरं," म्हणाली. त्याशिवाय लॅटिनचं एक क्रियापद — ते तिनं चालीवर म्हणून दाखवलं, प्रार्थनेतल्या गाण्यासारखं. क्लीओ त्यावर नाचली. आई पाचवीपर्यंत शिकलीय. तरी मैलभर चालत येताना एक शब्द सांडू देत नाही. मला तिच्याबद्दल एवढं प्रेम आजवर वाटलं नव्हतं. तोंडावर कशाला सांगू, इथे लिहिते.

११ डिसेंबर

संपलं ते.

आईनंच घात केला. न राहवून विचारलं, "टकरबाळ, त्या राजाचं पुढे काय झालं?" दारात डिलर्डबाई उभ्या. ओरडल्या नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी टेबल वरच्या मजल्यावर. शिवाय गोड आवाजात म्हणाल्या, "झेनोबिया, त्याच्या बडबडीनं तुझ्या कामात व्यत्यय येत असेल ना?"

आई म्हणाली, "येत नव्हता, बाई."

एवढंच सांगून ती चुलीपाशी गेली.

२५ डिसेंबर

नाताळ आला. साखळी आहे तिथेच.

६ मार्च १९६०

उत्तरेकडची काही भली माणसं — क्वेकर म्हणतात त्यांना — आमच्याकडची मुलं स्वतःच्या घरी ठेवून तिकडच्या शाळेत घालणार आहेत! ओहायोत, आणखी कुठे कुठे. पास्टर गिलियमनी यादी वाचली. पेग्रमबाईंनी बाल्टिमोरहून नावं कळवली होती, त्यात पहिलं नाव — आर्डेलिया वोमॅक. मी! क्लीओनं मला चिमटा काढला, मी मोठ्यानं "आई गं!" केलं आणि अख्खं चर्च हसलं.

मग पास्टर म्हणाले, जागा थोड्या आहेत. घरटी एक.

९ मार्च

आज तंबाखूच्या रोपांच्या वाफ्यावर कापड ताणत होतो, तेव्हा बाबा म्हणाले, "डीली, रॉयस्टरला एकच इयत्ता राहिलीय. तुला तीन. तो जाईल, वर्षात मोकळा होईल. मग तीच जागा तुला. दाराजवळ असेल त्याला आधी बाहेर काढावं, नाहीतर दोघंही अडकतात."

बरोबरच आहे. मी चार वेळा मनात हिशेब मांडून पाहिला — बरोबरच आहे. मग पाचव्यांदा का मांडतेय?

रॉयस्टर म्हणाला, "मला नाही जायचं. डोकं तिचं चालतं, तिला पाठवा."

"तोंड मिट," बाबा म्हणाले. "आणि कापड धर नीट."

आईला विचारलं, तुला काय वाटतं? ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "मला वाटतं, कुणीच जाऊ नये."

२० मार्च

फॉर्म आला. शेवटचा प्रश्न — तुम्हाला का शिकायचं आहे? एक पान लिहा. रॉयस्टरनं अर्धा तास पेन्सिल चावली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मास्तरीणबाई, खरड ना काहीतरी."

खरडलं. माझ्याच मनातलं सगळं, फक्त 'मुलगी' ऐवजी 'मुलगा' घातलं. वाचून तो गप्प झाला. म्हणाला, "हे तू लिहिलंयस यावर सही मी करू?"

"कर."

केली त्यानं. मान वर न करता.

२८ ऑगस्ट, रविवार

गेला. सगळं चर्च बसपाशी आलं होतं. मॉझेलमावशीनं तळलेल्या कोंबडीचा डबा दिला, पास्टरांनी प्रार्थना म्हटली, आईनं त्याची कॉलर सारखी केली, पुन्हा सारखी केली, पुन्हा केली. बाबांनी हस्तांदोलन केलं — मोठ्या माणसाशी करतात तसं! रॉयस्टरचा चेहरा बघवत नव्हता. मला कानात म्हणाला, "वर्षभर फक्त. मग तू."

बस गेल्यावर आई रस्त्यावरून हलेना. धुरळा खाली बसला तरी उभी. मी दंडाला धरलं तर अंग काठीसारखं ताठ. घरी येईतो एवढंच बोलली, "त्याला लोकरीचे मोजे द्यायचे राहिले."

२ ऑक्टोबर

रॉयस्टरचं पत्र. हॅडलीबाई म्हणून आहेत त्यांच्या घरी राहतो. भिंतीतून गरम पाणी येतं! वर्गात तो एकटाच काळा. एका मुलानं विचारलं, तुमच्याकडे वीज आहे का? हा म्हणाला, आहे, पण आकाशात. बाबांनी पत्र तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून. नंतर उलटं धरून स्वतः बघत बसले. त्यांना वाचता येत नाही, पण रॉयस्टरची शाई बघायची असते.

१४ नोव्हेंबर

तंबाखूच्या कारखान्यात लागले. सोळा पूर्ण म्हणून सांगितलं, आणि झालीही आहेत. पहाटे ट्रक येतो. दिवसभर पानाची मधली शीर ओढून काढायची. शीर एकीकडे, पान दुसरीकडे. धुळीनं नाक भरतं, बोटं काळी चिकट होतात, साबणानं जात नाहीत. मॉझेलमावशी शेजारी बसते. आज म्हणाली, "काय गं मास्तरीण, पानाला शिरा किती ते पुस्तकात दिलेलं असतं का?"

"दिलेलं असतं."

"मग ते पुस्तक लिहिणाऱ्याला म्हणावं, ये इकडे, मोजून दाखव!"

बायका खदखदल्या. मीही हसले. एकच वर्ष तर आहे.

११ जून १९६१

रॉयस्टर पास! फोटो आलाय — चौकोनी टोपी, झगा, आणि तोच आमचा वेडावाकडा दात. बाबांनी फोटो येशूच्या चित्राशेजारी खिळा ठोकून लावला. आई म्हणाली, शेजारी नको, जरा खाली लावा. लावला खाली, चार बोटं.

तो तिकडेच राहणार. डेटनला ओतकामाच्या कारखान्यात लागलाय. आईनं ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. "तिकडेच म्हणजे किती दिवस?" मी म्हणाले, लिहिलेलं नाही.

आता माझा नंबर!! निळा फ्रॉक उसवून मोठा केला.

२ जुलै

पत्र नाही.

२३ जुलै

नाही. मी ट्रकमधून उतरते तोवर संध्याकाळ झालेली असते. पत्रपेटी आधीच आई बघून येते, कामावरून परतताना. दारातूनच विचारते मी, "काही?" ती मान हलवते.

पास्टरांना गाठलं. ते म्हणाले, "ते लोक थेट घरी लिहितात पोरी. धीर धर. यादी मोठी असेल."

२० ऑगस्ट

मीच लिहिलं हॅडलीबाईंना. आर्जवं केली नाहीत. एवढंच — की रॉयस्टरची बहीण मी, त्याची जागा रिकामी झाली असेल तर मी यायला तयार आहे, स्वयंपाक येतो, कपडे धुता येतात, कुणाला माझा त्रास होणार नाही. चार वेळा उतरवून काढलं. आईनं उद्या शहरात पेटीत टाकते म्हणून पिशवीत ठेवलं.

१० सप्टेंबर

गोऱ्या मुलांची बस आमच्या रस्त्यानं जाते. खिडकीतून एकानं हात केला. क्लीओनंही केला. आईनं तिचा हात खाली ओढला.

१५ ऑक्टोबर

उत्तर आलं नाही. येणार नाही हे आता मलाही कळतंय. रॉयस्टरचं पत्र आलं, आखूड. बाबांसाठी मफलर पाठवतोय, थंडी फार, ओव्हरटाइम मिळतो. माझ्याबद्दल एक ओळ नाही. विसरला. तिकडे गेलं की माणूस विसरत असेल. फॉर्मवरचं ते पान कुणी लिहिलं तेही विसरला असेल.

निळा फ्रॉक पुन्हा आत घेऊन क्लीओला केला.

४ फेब्रुवारी १९६२

क्लीओला आठ संपून नववं लागलं. रोज जेवणानंतर अर्धा तास तिला शिकवते. चर्चच्या तळघरात दोन तास मुलांना जमवतात, पण ती शाळा नव्हे असं पास्टर स्वतःच सांगतात — शाळा म्हटलं तर कोर्टात आपली बाजू लंगडी पडेल. म्हणजे मुलं गाणी म्हणतात, कागद कापतात आणि परत येतात.

क्लीओ अक्षरं उलटी काढते. काल सांगितलेलं आज कोरं. माझे डोळे दिवसभराच्या धुळीनं चुरचुरतात, आणि ती टेबलाखाली मांजराशी खेळते. आज म्हणाली, "मला नाही शिकायचं. तू एवढं शिकलीस, मग पानंच तर सोलतेस ना?"

मी तिच्या मुस्काटात मारली.

पहिल्यांदाच. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. आई उठली, तिला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "जा, झोप जा. दमलीस." माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. रागवायला हवं होतं.

५ फेब्रुवारी

क्लीओची माफी मागितली. ती म्हणाली, "लागलं नव्हतं." गालावर अजून वळ होता.

१७ जून

टकर डिलर्ड पास झाला. आई पार्टीसाठी दोन दिवस तिथेच राबली. येताना उरलेला केक आणला, वर पांढऱ्या साखरेनं अर्धवट अक्षरं — '...नंदन'. कुणी खाल्ला नाही. शेवटी कोंबड्यांना घातला. कोंबड्यांना आवडला.

यंदा मीही पास झाले असते, त्याच आठवड्यात.

२२ नोव्हेंबर

कारखाना. पानं. खोकला. लिहिण्यासारखं काही नाही.

३ मार्च १९६३

खूप दिवसांनी वही उघडली. बाबांसाठी.

शाळा उघडा म्हणून कोर्टात अर्ज जायचाय, त्यावर पालकांच्या सह्या हव्यात. पास्टर म्हणाले, एनॉक, फुली चालते. बाबा म्हणाले, "फुली मी जमिनीच्या कागदावर मारली होती. यावर नाव घालणार." आणि आज जेवण झाल्यावर क्लीओशेजारी येऊन बसले! ओंडके उचलणारा तो पंजा, पेन्सिल त्यात काडीसारखी दिसते. दोनदा टोक मोडलं. तिसऱ्या अक्षराशी घामाघूम. क्लीओ म्हणाली, "बाबा, जीभ आत घ्या." त्यांनी घेतली.

क्लीओलाही आपलं नाव काढता येतं, तेवढंच येतं. दोघं एकमेकांच्या वहीत बघून लिहीत होते. बाबा बेचाळीसचे, ती नऊची. मी शिकवत होते आणि मला हसू येईना, रडूही येईना.

१७ मार्च

सही केली. वाकडी, पण पूर्ण. एनॉक वोमॅक. सगळ्यांनी पाठ थोपटली. आईनं त्यांना कोट घालायला मदत केली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आता याची किंमत."

२५ मार्च

मिलमधून काढलं. मालक म्हणाले, एनॉक, आता तुला लिहिता येतं, ऑफिसातलं काम बघ कुठे. एकोणीस वर्षं होते ते तिथे. बाबांनी घरी येऊन बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटांत घातले आणि नीट भिंतीशी लावून ठेवले. मग परसात जाऊन लाकडं फोडायला लागले. फोडायला लाकडंच नव्हती. फोडलेलीच पुन्हा फोडली.

७ जुलै

तंबाखूचे शेंडे खुडले दिवसभर, बाबा आणि मी. एका ओळीत दोघं. सरीच्या टोकाला गेलं की ते वळायचे, मीही वळायचे.

त्यांनी एकदाच विचारलं, "तुझा नंबर का नाही आला गं?"

मी म्हणाले, माहीत नाही.

"मला वाटलं होतं येईल," ते म्हणाले. "मी शब्द दिला होता."

"तुमच्या हातात नव्हतं बाबा."

ते पुढच्या रोपाकडे वळले. आज प्रथमच मला ते म्हातारे दिसले, पाठमोरे.

१८ ऑगस्ट, रविवार

रॉयस्टर आला! चर्चच्या वार्षिक मेळाव्याला, तीन वर्षांनी. मित्राची गाडी घेऊन. खांदे रुंद झालेत, बोलतो भरभर, वाक्याच्या शेवटाला थांबत नाही. आईनं डुकराची मांडी भाजली, वालाच्या शेंगा, रताळ्याचा केक, मक्याचा पाव — टेबल वाकलं. ती सारखी त्याच्या ताटात वाढत होती आणि तो सारखा "पुरे, आई, थँक्यू" म्हणत होता. थँक्यू! पाहुण्यासारखं. प्रत्येक थँक्यूला आईचा चेहरा जरासा मिटायचा.

माझ्याशी धड बोलला नाही. क्लीओला बाहुली, बाबांना घड्याळ, आईला शाल, मला — एक पाकीट हातमोजे, तेही न बघता पुढे केले.

२० ऑगस्ट

हे सगळं नीट लिहायला हवं.

आज तो माझ्याबरोबर शेतात आला. फुटवे काढायचे होते. नव्या पॅंटला चीक लागेल म्हणून मी म्हटलं, राहू दे, तुझ्या त्या ओहायोच्या हातांना जमायचं नाही. तो म्हणाला, "टोमणे कशाला मारतेस? तुलाही येता आलं असतं."

माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "कशी येणार होते? तू गेलास आणि मागे दार लावून घेतलंस! दोन वर्षं वाट बघितली मी. एक ओळ नाही लिहिलीस त्या बाईंना माझ्यासाठी!"

तो कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. "एक ओळ? डीली, मी निकालाच्या दिवशीच हॅडलीबाईंकडे तुझं बोललो. तो फॉर्म मी लिहिलाच नव्हता, तू लिहिलास, हेसुद्धा सांगून टाकलं. बाई रडल्या. त्यांनी लगेच तुला पत्र घातलं. माझीच खोली तुला देणार होत्या, नवे पडदे शिवले!"

"मला पत्र आलं नाही."

"आलं. तू उत्तर दिलंस. आईला सोडून येणार नाही, म्हणून. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. यंदा वसंतात तिसऱ्यांदा. त्यावर तू लिहिलंस — मी इथे सुखी आहे, कृपा करून पुन्हा लिहू नका. मी वाचलंय ते, डीली! या डोळ्यांनी. घाईघाईत काढलेलं अक्षर, आणि तुझं नाव खाली."

हातात तोडलेला फुटवा होता, तो मी पुन्हा रोपाला लावून बघितला. खरंच. वेड्यासारखं.

"म्हणून मी तुझ्यावर चिडलो होतो," तो म्हणाला. "वाटलं, तुझी जागा खाल्ली म्हणून मी उगाच झुरलो. तुला नकोच होतं."

"रॉयस्टर, मी ते लिहिलं नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग घराकडे. धुराड्यातून धूर येत होता, रात्रीचं जेवण रटरटत असणार. उरलेली सरी तशीच टाकून तो ओट्यावर जाऊन बसला.

आता जेवणं झालीत. आई भांडी घासतेय, गुणगुणतेय. या घरात लिहिता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाबांना एक नाव येतं. क्लीओलाही एकच. रॉयस्टर तिकडे होता. मी लिहिलं नाही.

मला पुढे लिहायचं नाही. वही मिटते.

२१ ऑगस्ट

रॉयस्टर गेला. आईनं कॉलर सारखी करायला हात वर केला आणि खाली घेतला. जाताना तो मला म्हणाला, "चल. आत्ता चल गाडीतून."

"एकोणीस वर्षांची होईन येत्या महिन्यात. मला कुठल्या वर्गात बसवतील?"

त्यानं गाडी सुरू केली. म्हणे पुढच्या महिन्यात इथे कुणी तरी मोफत शाळा उघडणार आहे. चार वर्षं हेच ऐकतोय.

२२ ऑगस्ट

विचारलं. आई ओट्यावर क्लीओच्या वेण्या घालत होती. हात थांबले नाहीत.

"मीच लिहिलं," म्हणाली. "एक पोरगा दिला त्यांना, पाहुणा होऊन आला. तुला कशी देऊ?"

"तिन्ही वेळा?"

"विचारतील तितक्या वेळा."

मग क्लीओची मान हळूच सरळ केली आणि पुढची वेणी घालायला लागली.